व्हिडिओची तरंगती खिडकी येत नाही, आली तर टिकत नाही: कुठल्या ब्राउझरमध्ये काय तपासायचं

एकच लॅपटॉप, एकच यूट्यूब व्हिडिओ. फायरफॉक्समध्ये चित्रावर माउस नेला की कडेला व्हिडिओ तरंगत्या खिडकीत काढायचं बटण उगवतं. क्रोममध्ये तसं काहीच दिसत नाही. मॅकवरच्या सफारीत चित्रावर कितीही शोधा, सापडत नाही, कारण तिथे ते पत्त्याच्या पट्टीत दडलेलं असतं. मग ब्राउझर बिघडलाय असं समजून तो काढून पुन्हा टाकला जातो. त्याने बहुतेक वेळा काहीही बदलत नाही.

इतर खिडक्यांच्या वर तरंगणाऱ्या या छोट्या व्हिडिओ खिडकीला पिक्चर-इन-पिक्चर, म्हणजे पीआयपी, म्हणतात. या एका नावाखाली तीन वेगळी कामं चालतात. फायरफॉक्समध्ये बटण ब्राउझर स्वतः चित्रावर चढवतो, साइटने ते दिलेलं असायला लागत नाही. क्रोम, एज आणि ब्रेव्हमध्ये एक तर साइटने आपल्या प्लेयरमध्ये बटण दिलेलं असतं, नाही तर तुम्हीच ते मेन्यूतून मागायचं असतं. सफारीत खिडकी मॅकओएस किंवा आयओएसची असते, ब्राउझर फक्त चित्र तिच्या हवाली करतो. खिडकी कोण बनवतंय हे आधी ठरवलं, तर सेटिंग कुठे शोधायचं ते आपोआप कळतं.

त्याआधी एक घोळ मिटवू. यूट्यूबवर कीबोर्डचं 'आय' बटण दाबलं की व्हिडिओ कोपऱ्यात छोटा होतो. तो मिनिप्लेयर. तो त्याच टॅबमध्ये राहतो. टॅब बदलला किंवा एक्सेल उघडलं की दिसेनासा होतो. "माझी तरंगती खिडकी टॅब बदलल्यावर जाते" या तक्रारीमागे पुष्कळदा हाच मिनिप्लेयर निघतो. खरी पीआयपी खिडकी ब्राउझर मिनिमाइझ केला तरी पडद्यावर राहते. ही साधी परीक्षा करून मगच पुढे जा.

क्रोम आणि त्याची भावंडं

क्रोममध्ये ही सोय ऑक्टोबर २०१८ मध्ये, ७० व्या आवृत्तीत आली. तेव्हापासून यूट्यूबवरची युक्ती एकच आहे: दोनदा राइट क्लिक. पहिल्या क्लिकला यूट्यूबचा स्वतःचा काळा मेन्यू येतो, ज्यात 'लूप' आणि 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' असतं. तो उघडा असतानाच चित्राच्या मोकळ्या भागावर पुन्हा राइट क्लिक करा, त्या काळ्या मेन्यूवर करू नका. आता ब्राउझरचा मेन्यू येतो आणि त्यात 'पिक्चर इन पिक्चर' असतं. दोन क्लिकांच्या मध्ये साधा लेफ्ट क्लिक झाला तर पहिला मेन्यू बंद होतो आणि सगळं पुन्हा सुरुवातीपासून करावं लागतं. घाईत नेमकं हेच होतं.

काही साइटवर दुसऱ्या क्लिकलाही तो पर्याय येत नाही. 'सेव्ह ॲज', 'प्रिंट' असा साध्या पानाचा मेन्यू उघडला, तर समजा की चित्रावर साइटने एक पारदर्शक थर पसरलाय. तुमचा क्लिक व्हिडिओपर्यंत पोचतच नाही, वरच्या अदृश्य काचेवर आपटतो. तिथे राइट क्लिकच्या मागे लागण्यात अर्थ नाही. व्हिडिओ चालू असताना क्रोमच्या टूलबारवर, उजवीकडे, रेघा आणि संगीताच्या सुराचं चिन्ह दिसतं. त्यावर क्लिक केलं की चालू माध्यमांची यादी उघडते, आणि त्यात पीआयपीचं छोटं चिन्ह असतं. हा रस्ता पानाच्या मेन्यूवरून जातच नाही, म्हणून काचेचा अडथळा लागत नाही. रोजच्या वापराला दोन राइट क्लिकपेक्षा हाच बरा. मर्यादा एवढीच की मुळात आवाजच नसलेल्या व्हिडिओला हे चिन्ह येत नाही.

कीबोर्डवरून हवं असेल तर गूगलनेच काढलेलं पिक्चर-इन-पिक्चर एक्स्टेन्शन आहे. ऑल्ट आणि पी दाबलं की चालू व्हिडिओंपैकी सर्वांत मोठा बाहेर निघतो. पानावर मोठी जाहिरात चालू असेल तर तीही 'सर्वांत मोठा व्हिडिओ' ठरू शकते, हे लक्षात असू द्या. शॉर्टकट दुसऱ्या एखाद्या एक्स्टेन्शनने बळकावला असेल, तर एक्स्टेन्शनच्या पानावर डावीकडे 'कीबोर्ड शॉर्टकट्स'मध्ये बदलता येतो.

हे सगळं करूनही पर्याय फिका किंवा गायब असेल, तर साइटनेच तो बंद केलेला असण्याची शक्यता जास्त. व्हिडिओच्या टॅगवर 'डिसेबल-पिक्चर-इन-पिक्चर' असा एक शब्द लिहिला की क्रोम तो मुकाट पाळतो. गुप्त (इन्कॉग्निटो) खिडकीत उघडून, एक्स्टेन्शन बंद करून पाहा. तिथेही नसेल तर दोष तुमच्या मशीनचा नाही.

आपोआप निघणारी खिडकी हे अलीकडचं प्रकरण. व्हिडिओ कॉलसाठी क्रोम १२० पासून आणि साध्या व्हिडिओसाठी १३४ पासून, टॅब बदलला की खिडकी स्वतःहून बाहेर येऊ शकते. सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग 'ऑटोमॅटिक पिक्चर-इन-पिक्चर' अशी वाट. इथे साइटनुसार परवानगी आणि मनाईच्या याद्या असतात. पहिल्या वेळी खिडकीवरच विचारणा येते; घाईत 'ब्लॉक' दाबलं गेलं की ती साइट मनाईच्या यादीत जाते आणि नंतर कधीच आपोआप खिडकी काढत नाही. त्या यादीतून साइटचं नाव काढा, पान रिलोड करा.

दुसरी नेहमीची तक्रार: "एक्सेलवर गेलो की येत नाही." बरोबर आहे, येणारच नाही. आपोआपची सोय टॅब बदलण्याला बांधलेली आहे. दुसऱ्या ॲपवर जाणं किंवा ब्राउझर मिनिमाइझ करणं यात धरलेलं नाही. शिवाय व्हिडिओ त्या क्षणी आवाजासकट चालू असावा लागतो. म्हणून म्यूट केलेल्या क्रिकेट सामन्याची खिडकी आपोआप निघाली नाही तर नवल नाही. ती हाताने काढा.

एजमध्ये वरचे बहुतेक उपाय तसेच लागू पडतात. ऑपेरा या बाबतीत सगळ्यांच्या पुढे होता, २०१६ मध्येच त्याने 'व्हिडिओ पॉप-आउट' दिलं होतं. त्याचं बटण चित्राच्या वरच्या कडेला मध्यभागी येतं. ते गेलं असेल किंवा साइटच्या बटणावर बसून त्रास देत असेल, तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'पॉप' एवढंच टाइप करा, त्याचा स्विच समोर येईल.

फायरफॉक्स: बटण कधी दिसतं, कधी नाही

हे बटण विंडोजवर डिसेंबर २०१९ मध्ये ७१ व्या आवृत्तीत आलं, मॅक आणि लिनक्सवर पुढच्याच महिन्यात ७२ मध्ये. ते दिसावं म्हणून फायरफॉक्स काही अटी लावतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. व्हिडिओ ४५ सेकंदांपेक्षा छोटा असेल तर बटण येत नाही. त्यात आवाज नसेल तर येत नाही. चित्राचा आकारच फार लहान असेल तरीही येत नाही. बातम्यांच्या पानांवर आपोआप चालणाऱ्या शेकडो चिल्लर क्लिपांवर बटणं नाचू नयेत म्हणून ही चाळणी आहे, आणि ती योग्यच आहे. पण स्वयंपाकाची तीस सेकंदांची क्लिप पुन्हा पुन्हा बघत पोळ्या लाटणाऱ्याला ती आड येते.

चाळणी काढायची तर पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट:कॉन्फिग' इंग्रजीत टाइप करा, इशारा स्वीकारा, आणि शोधाच्या जागी पिक्चर-इन-पिक्चर लिहा, मधल्या आडव्या रेघांसकट. दहा-बारा ओळी येतील. एका ओळीसमोर ४५ हा आकडा दिसेल. तीच सेकंदांची मर्यादा. ती १० केली की दहा सेकंदांच्या क्लिपलाही बटण येतं. 'ऑलवेज-शो' असा शेवट असलेली ओळ 'ट्रू' केली तर चाळणीच उठते, पण मग प्रत्येक फिरत्या जाहिरातीवर बटण दिसायची तयारी ठेवा. आधी आकडा बदलून बघा.

बटण कालपर्यंत होतं आणि आज कुठल्याच साइटवर नाही, असं असेल तर कारण वेगळं. त्या बटणावर राइट क्लिक केलं की एक बारीक मेन्यू येतो: बटण लपवा, बटण दुसऱ्या बाजूला न्या. चुकून 'लपवा'वर क्लिक पडला की ते सगळीकडून जातं, कुठलीही सूचना येत नाही. परत आणायला सेटिंग्जमध्ये जाऊन 'पिक्चर' शोधा आणि पीआयपीच्या व्हिडिओ बटणांसमोरची खूण पुन्हा लावा. नव्या आवृत्त्यांत पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकालाही पीआयपीचं चिन्ह येतं. साइटने मनाई लिहिली असेल तर त्यावर क्लिक केल्यावर फायरफॉक्स सांगतो की ही साइट पीआयपीची शिफारस करत नाही, आणि खाली 'तरीही चालू करा' असा स्विच देतो. क्रोममध्ये ही मुभा नाही.

शॉर्टकट कंट्रोल, शिफ्ट आणि बंद होणारा चौकोनी कंस. मॅकवर कमांड, ऑप्शन, शिफ्ट आणि तोच कंस. मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी एक बारकावा. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर त्या कंसाच्या जागी नुक्ता बसतो. लिहिता लिहिता शॉर्टकट दाबलात आणि काही झालं नाही, तर आधी कीबोर्ड इंग्रजीवर न्या आणि मग दाबा.

खिडकी कोपऱ्यात नेमकी बसत नसेल तर विंडोज आणि लिनक्सवर कंट्रोल धरून ओढा, आवृत्ती १२० पासून ती कोपऱ्याला चिकटते. डबल क्लिक केलं की पूर्ण पडदा. आणि दोन सामने एकदम बघायचे असतील तर ब्राउझर हाच: आवृत्ती ८६ पासून फायरफॉक्स एकाहून अधिक खिडक्या उघडू देतो. क्रोममध्ये दुसरी उघडली की पहिली जाते. तिथे दोन हव्याच असतील तर एक क्रोममध्ये आणि एक एजमध्ये काढा.

सबटायटल कुठे जातात

या एका प्रश्नासाठी ब्राउझर बदलला तरी चालेल. यूट्यूब, नेटफ्लिक्स यांची सबटायटलं व्हिडिओच्या चित्रात मिसळलेली नसतात. ती पानावर वेगळ्या थरात, चित्राच्या वर तरंगणारी अक्षरं असतात. क्रोमची साधी पीआयपी खिडकी फक्त चित्राच्या फ्रेम उचलते. अक्षरं मूळ टॅबमध्येच राहतात. टॅबवर परत जाऊन बघा, रिकाम्या काळ्या चौकटीवर सबटायटलं बिचारी एकटीच बदलत असतात.

फायरफॉक्सने हे मे २०२२ मध्ये, १०० व्या आवृत्तीत सोडवलं. यूट्यूब, प्राइम व्हिडिओ आणि नेटफ्लिक्ससाठी त्याच्याकडे साइटनिहाय जोडणी आहे, जी पानावरची अक्षरं वाचून खिडकीत पुन्हा लिहिते. वेबव्हीटीटी, म्हणजे वेबवर सबटायटलं देण्याची प्रमाणित पद्धत, वापरणाऱ्या साइटवरही चालते. अट एकच: सबटायटल आधी मूळ प्लेयरमध्ये चालू केलेलं असलं पाहिजे. खिडकीत अक्षरं दिसली नाहीत तर टॅबवर जा, तिथे सीसी चालू करा आणि खिडकी पुन्हा काढा. तरीही नसतील तर फायरफॉक्स अद्ययावत आहे का ते पाहा. साइटने प्लेयरची मांडणी बदलली की ती जोडणी तुटते आणि पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त होते. अक्षरं खिडकीच्या मानाने मोठी वाटत असतील तर आकार खिडकीवरच्याच बटणातून बदलतो.

क्रोममध्ये ऑगस्ट २०२३ पासून, ११६ व्या आवृत्तीत, 'डॉक्युमेंट पिक्चर-इन-पिक्चर' आहे. यात नुसत्या चित्राऐवजी साइट स्वतःचं छोटं पानच खिडकीत मांडू शकते: बटणं, नावं, सबटायटलं, काहीही. गूगल मीटची तरंगती खिडकी, जिच्यात माइक बंद करता येतो, ती याच जातीची. पण ते साइटने करायचं काम आहे. तुमच्या बाजूने चालू करण्यासारखं त्यात काही नाही.

खिडकी बंद केली आणि व्हिडिओच थांबला

खिडकीवर दोन बटणं असतात आणि दोन्ही 'बंद'सारखीच वाटतात. फुली मारली तर खिडकी जाते आणि व्हिडिओ पॉज होतो. 'टॅबवर परत' हे दुसरं बटण दाबलं तर खिडकी जाते, पण व्हिडिओ मूळ पानावर चालू राहतो. क्रोम आणि फायरफॉक्स, दोन्हीकडे हेच. आवाज चालू ठेवून खिडकी घालवायची असेल तर फुलीला हात लावू नका.

उलट तक्रारही असते: टॅब बंद केला आणि खिडकी गेली. ही खिडकी स्वतंत्र नाही. चित्र त्या टॅबमधूनच येतं, टॅब हा तिचा नळ आहे. टॅब बंद, रिलोड किंवा दुसऱ्या पत्त्यावर गेला की पाणी बंद. टॅबांची गर्दी आवरताना हा टॅब पिन करून ठेवा, म्हणजे चुकून फुली लागत नाही.

सफारी

मॅकवर ही सोय २०१६ च्या सिएरापासून आहे. यूट्यूबवर इथेही दोनदा राइट क्लिक चालतं, पण सोपी वाट पत्त्याच्या पट्टीतल्या स्पीकरच्या चिन्हातून जाते. व्हिडिओ वाजत असताना त्या चिन्हावर क्लिक करून दाबून धरा, मेन्यूत 'एंटर पिक्चर इन पिक्चर' येईल. साधा क्लिक केला तर टॅब म्यूट होतो, म्हणून दाबून धरणं महत्त्वाचं. खिडकी नेहमी कोपऱ्यातच जाते ही तक्रार असेल तर कमांड धरून ओढा, हवी तिथे राहील.

लिनक्सवर खिडकी मागे जाते

इथे दोष ब्राउझरच्या माथी मारला जातो, पण मूळ वेलँडमध्ये, म्हणजे खिडक्या पडद्यावर मांडणाऱ्या लिनक्सच्या नव्या व्यवस्थेत, आहे. जुन्या एक्स-इलेव्हनमध्ये कुठलंही ॲप 'मला सगळ्यांच्या वर ठेव' असं सांगू शकायचं. वेलँड साध्या ॲपला तो हक्क देत नाही. फायरफॉक्स १२१ पासून वेलँड आपणहून वापरतो, म्हणून अपडेटनंतर अचानक खिडकी इतर खिडक्यांच्या मागे जायला लागली. 'अबाउट:सपोर्ट' पानावर 'विंडो प्रोटोकॉल'समोर वेलँड लिहिलंय का ते आधी पाहा.

ग्नोम आणि केडीई हे लिनक्सचे दोन डेस्कटॉप. ग्नोममध्ये पीआयपी खिडकीवर एकदा क्लिक करा, ऑल्ट आणि स्पेस दाबा, येणाऱ्या मेन्यूत 'ऑलवेज ऑन टॉप' निवडा. हे प्रत्येक नव्या खिडकीला पुन्हा करावं लागतं. कंटाळा आला तर 'पिप ऑन टॉप' नावाचं ग्नोम एक्स्टेन्शन हेच काम आपोआप करतं. केडीईमध्ये कायमचा नियम बनवता येतो: खिडकीवर ऑल्ट आणि एफ-थ्री, 'मोअर ॲक्शन्स', मग त्या खिडकीची खास सेटिंग्ज, तिथे 'कीप अबव्ह' जोडून 'फोर्स' आणि 'येस'. नियम खिडकीच्या शीर्षकावरून जुळवा, नाही तर फायरफॉक्सच्या सगळ्याच खिडक्या वर चढून बसतील. शीर्षक हाताने टाइप करू नका, शोधणीच्या बटणाने उचला. क्रोम आणि फायरफॉक्सचं शीर्षक सारखं नाही आणि ब्राउझरची भाषा बदलली की तेही बदलू शकतं.

विंडोजवर खिडकी फक्त गेम चालू असताना झाकली जात असेल, तर गेमच्या सेटिंगमध्ये 'फुलस्क्रीन'ऐवजी 'बॉर्डरलेस' निवडा.

काळी खिडकी

आवाज येतोय, चित्र काळं. क्रोममध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, 'ग्राफिक्स ॲक्सिलरेशन' बंद करून रीलाँच करा. चित्र आलं तर दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा. तो अद्ययावत करून ॲक्सिलरेशन पुन्हा चालू करा, कारण ते बंद ठेवलं तर व्हिडिओचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि लॅपटॉप तापतो. मीटिंगमध्ये पडदा शेअर करताना ओटीटीची खिडकी फक्त समोरच्यांना काळी दिसत असेल, तर ते कॉपी-संरक्षण आहे. त्याला उपाय शोधू नका.

फोनवर

अँड्रॉइडवर क्रोममध्ये वेगळं बटण नसतं. व्हिडिओ आधी फुलस्क्रीन करा, मग होमवर जा. फुलस्क्रीन नसेल तर खिडकी निघत नाही; निम्म्या तक्रारी इथेच संपतात. तरीही नाही आली तर फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, 'स्पेशल ॲप ॲक्सेस', 'पिक्चर-इन-पिक्चर' उघडून क्रोमची परवानगी पाहा. कंपनीनुसार ही वाट थोडी बदलते, म्हणून सेटिंग्जच्या शोधात 'पिक्चर' टाकणं सोपं. ही सोय अँड्रॉइड ८ पासूनची आहे, त्याहून जुन्या फोनवर ती नाहीच.

आयफोनवर आयओएस १४ पासून आहे. सेटिंग्ज, जनरल, 'पिक्चर इन पिक्चर' इथे 'स्टार्ट ऑटोमॅटिकली' चालू असलं तर फुलस्क्रीन व्हिडिओ होमवर जाताच छोटा होतो. आणि खिडकी नाहीशी झाली पण आवाज येतोय, असं झालं तर पडद्याची डावी-उजवी कड नीट बघा. बोटाने ती कडेबाहेर ढकलली गेलेली असते आणि तिथे बाणाचा बारीक फाळका उरलेला असतो. तो आत ओढा.